मोजदाद

वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात विश्वस्त बदलल्याची नोंद करण्यासाठी जो अर्ज द्यावा लागतो, त्याला तिथले वकील, कारकून आणि चहावाला असे सगळेच ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या लहानशा संस्थेच्या विश्वस्तांत माझे नाव घालायचे होते. वकिलांच्या कारकुनाने नाव, वय आणि पत्ता भराभर टंकून घेतला आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले. मी त्याला खरे ते सांगितले. १९९४ पासून तेरा वर्षे मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यानंतर चार वर्षे नाटकाच्या धंद्यात होतो, मग सात वर्षे रात्री दीडला बंद होणाऱ्या एका क्लबाचा व्यवस्थापक होतो आणि २०१८ पासून परळला कर्करुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाचे आणि कागदपत्रांचे काम पाहतो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “साहेब, रकाना एका ओळीचाच आहे.” मग स्वतःच्या मनाने ‘इतर’ असे टंकून तो पुढच्या विश्वस्तांकडे वळला.

आमच्या घरात माझ्या या भटकंतीची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. आईच्या मते मी कुठे टिकत नाही. धाकट्या भावाच्या मते मला रात्री झोप येत नाही, म्हणून मी रात्रीचीच कामे शोधून काढतो. भावाचे म्हणणे सत्याच्या जास्त जवळ आहे, कारण चारही ठिकाणी माझा खरा दिवस संध्याकाळी सातनंतर सुरू झाला. परंतु त्या दिवशी वरळीहून परळला परत येताना, बसच्या खिडकीत बसून ‘इतर’ या शब्दाचा विचार करताना, माझ्या लक्षात आले की पगार मात्र मला सगळीकडे एकाच कामाचा मिळाला. मी मोजत होतो. मथळ्याची अक्षरे, मृतांचे आकडे, नाट्यगृहातल्या खुर्च्या, दारातून आत जाणारी डोकी, जेवणाची पाकिटे. आणि प्रत्येक ठिकाणी अमुक माणसे मोजायची नाहीत असाही एक नियम होता, जो कुठे लिहिलेला नसे, पण पहिल्याच आठवड्यात कळून येई.

उपसंपादकाचे काम बाहेरच्या लोकांना वाटते तितके लेखणीचे नसते, त्यात मोजपट्टीचा वाटा बराच मोठा असतो. मी लागलो तेव्हा पाने संगणकावर जुळू लागली होती, तरी आमचे मुख्य उपसंपादक मथळा बोटांवर मोजत आणि जोडाक्षराला दीड अक्षर धरत. ‘मुख्यमंत्र्यांनी’ या एका शब्दावर त्यांचा विशेष राग होता, कारण तो एकटाच निम्मी ओळ खाऊन टाकी आणि त्यापुढे मुख्यमंत्र्यांनी काय केले हे सांगायला जागाच उरत नसे. जाहिरात विभागाकडून पानाचा आराखडा दुपारीच आलेला असे. त्यातून जे सेंटिमीटर शिल्लक राहत, त्यांत आम्ही त्या दिवशीचे जग बसवत असू. बातमी कापायची ती खालून, हे शास्त्र. शेवटचा परिच्छेद जाणारच, हे धरूनच चांगला वार्ताहर ती लिहितो.

मृतांचा आकडा ही या मोजणीतली सर्वांत नाजूक बाब. अपघात झाला की पोलीस नियंत्रण कक्ष एक आकडा देई, रुग्णालय दुसरा, वृत्तसंस्था तिसरा आणि घटनास्थळी गेलेला आपला माणूस चौथा. वाद असेल तर लहान आकडा घ्यावा, असा आमच्या मेजाचा दंडक होता. मुख्य उपसंपादक म्हणत, “आकडा उद्या वाढवता येतो. पण मेलेला माणूस उद्या जिवंत केलास तर खुलासा छापावा लागेल.” हा दंडक शहाणपणाचा होता, असे मी आजही म्हणेन.

२६ जुलै २००५ ला आम्ही फोर्टातल्या कचेरीत होतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन वेधशाळा एकाच शहरातल्या, पण त्यांच्या आकड्यांत दोन वेगळी शहरे राहत होती. संध्याकाळी कुर्ल्याहून वार्ताहराचा फोन आला की पाणी छातीपर्यंत चढले आहे, तेव्हा मेजावरच्या एकाने खिडकीबाहेरच्या साध्यासुध्या पावसाकडे पाहून त्याला “अतिशयोक्ती करू नकोस,” असे बजावले. तो एक जण मी होतो, हे इथेच लिहून टाकतो. त्या रात्री कोणी घरी गेले नाही. आम्ही टेबलांवर झोपलो आणि सकाळी आमच्या अंकात जो मृतांचा आकडा छापून आला, तो पुढच्या काही दिवसांत हास्यास्पद वाटावा इतका लहान ठरला. राज्यातली एकूण मृतसंख्या पुढे हजारावर गेली.

त्याच्या पुढच्या वर्षी, ११ जुलैला, पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. कोकणात जाणारी डाक आवृत्ती आम्ही लवकर सोडत असू आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. त्यामुळे एकाच दिवसाच्या एकाच वर्तमानपत्रात दादरच्या वाचकाला जितकी माणसे मेलेली दिसली, त्याहून बरीच कमी चिपळूणच्या वाचकाला दिसली. माझे मामा चिपळूणला असत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, सगळे सुखरूप आहेत ना हे विचारून झाले आणि मग जरा घुटमळत म्हणाले, “तुमच्या पेपरात माणसं कमी कशी काय मेली रे?” मी त्यांना डाक आवृत्तीचे वेळापत्रक समजावून सांगितले. ते “असं होय,” म्हणाले, परंतु त्यांचा विश्वास बसला नसावा आणि वेळापत्रक सांगता सांगता माझाही थोडा उडाला.

डान्स बारवर राज्य सरकारने बंदी आणली तीही २००५ मध्येच. या बंदीने किती मुलींचा रोजगार जाणार, याचा आकडा आमच्याकडे रोज नवा येत असे आणि तो देणाऱ्याच्या बाजूप्रमाणे फुगे किंवा आक्रसे. कोणत्याही हजेरीपटावर ज्यांचे नाव नाही, त्यांना मोजायचे कसे, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी फारसा लावून धरला नाही. पुढे उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, पुन्हा कायदा झाला, पुन्हा खटला झाला. तोवर मी स्वतःच रात्रीच्या धंद्यात जाऊन पोहोचलो होतो.

मधे नाटक आले. त्याकडे मला दोन गोष्टींनी ओढले, आणि त्यांतली पहिली म्हणजे माझे वडील. ते गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या वेळी बदली कार्ड घेऊन दरवाजाशी उभे राहायचे आणि कायम कामगारांपैकी जितके गैरहजर असतील तितक्यांनाच आत घेतले जायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आणि त्यानंतर दरवाजात डोकी मोजून घेणारे कोणी उरलेच नाही. पण वर्षातून एकदा गावच्या मंडळाचे नाटक परळच्या दामोदर नाट्यगृहात होई आणि त्यात हवालदाराचे काम वडिलांना ठरलेले असे. त्यांना दोन वाक्ये होती. दुसरे ते दरवर्षी विसरत आणि दरवर्षी त्याच जागी हशा होई, म्हणून मंडळाने ते विसरणे नाटकातच धरून टाकले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे नाट्यजाहिरातींचे पान. काही वर्षे ते माझ्याकडे होते. निर्माते संध्याकाळी धावतपळत येत, नटाला ताप आल्याने प्रयोग रद्द, किंवा दुपारचा रात्री झाला, असा बदल हातात चुरगाळलेल्या कागदावर घेऊन. त्यांची धावपळ पाहून मला हेवा वाटे. आमचा वाचक आम्हाला कधी दिसत नसे, आणि यांचा प्रेक्षक मात्र रोज खुर्चीत येऊन बसे, हसे, खोकत असे, मध्यंतरात वडे खाई. २००७ मध्ये मी नोकरी सोडली, दोन मित्रांबरोबर भागीदारीत नाटक काढले आणि ज्या सेंटिमीटरांत आजवर मी जग बसवत होतो, ते सेंटिमीटर रोख पैसे मोजून विकत घेऊ लागलो.

नाट्यगृहाच्या आसनांचा जो छापील तक्ता बुकिंगच्या खिडकीमागे असतो, त्याला नाटकवाले ‘प्लॅन’ म्हणतात. आता बहुतेक तिकिटे मोबाईलवर निघतात, परंतु आमच्या वेळी प्रत्येक प्रयोगाचा वेगळा कागदी प्लॅन उघडला जाई आणि खिडकीतला क्लार्क तिकीट फाडता फाडता त्या त्या चौकोनावर पेन्सिलीने फुली मारत असे. फुली म्हणजे विकलेली खुर्ची, गोल म्हणजे पास. दादरच्या शिवाजी मंदिराच्या खिडकीपाशी मी इतका वेळ घालवला आहे की कोणत्या खुर्च्या कोण घेतो, हे मला प्लॅन पालथा धरूनही सांगता आले असते. पाय दुखणारे आजोबा कडेची खुर्ची घेतात, पण दाराजवळची. नुकते लग्न ठरलेले जोडपे मागची रांग घेते. पाच जणांचे कुटुंब चार तिकिटे काढते आणि लहानग्याला मांडीवर बसवते. रांगांच्या मधे एकेकट्या खुर्च्या उरतात, ज्यांना कोणी वाली नसतो, कारण मराठी माणूस नाटकाला एकटा क्वचितच येतो. हाऊसफुल्लचा बोर्ड लावायचा की नाही, हे अनेकदा त्या आठ-दहा एकट्या खुर्च्यांवर अडून राहते.

किती लोक येणार याचा सर्वांत अचूक अंदाज आमच्यापैकी कोणाचाच नसे, तो कँटीनवाल्याचा असे. दुपारी तो खिडकीपाशी येऊन प्लॅनवर नुसती नजर फिरवी आणि जाऊन तेवढेच बटाटे उकडायला टाकी. पासवाले वडा खात नाहीत, असे त्याचे निरीक्षण होते. त्याचे स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही, पण ते खोटे ठरल्याचेही आठवत नाही. त्यामुळे मी प्लॅनमधल्या फुल्यांपेक्षा त्याच्या परातीकडे पाहून प्रयोगाचे भवितव्य ओळखायला शिकलो.

आमचे नाटक वाईट नव्हते. समीक्षा बऱ्या आल्या, जाणकारांनी पाठीवर हात ठेवला, आणि जाणकार हे पासावर येतात. नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांच्या नाईट म्हणजे प्रयोगागणिक मानधन, रंगमंच कामगारांची मजुरी, सेटचा टेम्पो आणि जाहिरात, हे सगळे प्रेक्षक किती आले हे न विचारता प्रत्येक प्रयोगाला द्यावेच लागते. पितृपंधरवडा, परीक्षा, क्रिकेटचा सामना आणि मुसळधार पाऊस, यांपैकी एकालाही निर्मात्याविषयी दया नसते. पावसाळ्यातल्या एका मंगळवारी रात्रीच्या प्रयोगाला मी पडद्याच्या फटीतून डोकी मोजली. सत्तावन्न. त्यांतले एकोणीस पास. प्रयोग रद्द केला असता तर पैसे वाचले असते, परंतु सरकारी अनुदानासाठी प्रयोगांची संख्या पाहिली जाते, त्यामुळे प्रयोग क्रमांक पुढे सरकवणे भाग होते. तिसऱ्या घंटेच्या आधी नटांना खरा आकडा सांगू नये, असा रिवाज आहे. मुख्य नटाने रंग लावता लावता आरशातूनच विचारले, “किती आहेत?” मी म्हणालो, “अडीचशेच्या आसपास.” त्याने आरशातच माझ्याकडे पाहिले, हसला आणि म्हणाला, “म्हणजे साठ.” त्या रात्री त्याने जे काम केले तसे त्याने भरल्या नाट्यगृहातही कधी केले नव्हते, आणि ते पाहायला सत्तावन्न जण होते.

एकेचाळिसाव्या प्रयोगानंतर आम्ही नाटक बंद केले. वर्तमानपत्रातल्या तेरा वर्षांचा माझा प्रॉव्हिडंट फंड त्या ४१ प्रयोगांत संपला होता. उरलेली दोन-तीन वर्षे मी इतरांच्या नाटकांचा व्यवस्थापक म्हणून काढली, त्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. सेटचे फ्लॅट, म्हणजे सुट्या भिंती, एका दुसऱ्या निर्मात्याने घेतले. त्याने भिंतीचा रंग बदलला, पण आमच्या नायिकेने चिडून आपटलेल्या दाराची वरची फट तशीच राहिली. त्याच्या नाटकात ते घर एका कीर्तनकाराचे होते.

आमच्या ध्वनिसंयोजनाचे काम पाहणारा माणूस रात्री नाटक संपले की लोअर परळच्या क्लबांना स्पीकर पुरवायला जात असे. त्यानेच मला तिकडे नेले. क्लबवाल्यांना संगीताची जाण असलेला माणूस नको होता, कागदपत्रांची जाण असलेला हवा होता, आणि नाटकाच्या धंद्यात परवानग्यांच्या मागे पोलीस ठाण्यापासून महापालिकेपर्यंत हिंडून मी त्यात तयार झालो होतो. उपाहारगृहाचा परवाना, उत्पादन शुल्क विभागाचा दारू देण्याचा परवाना एफएल-३, अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र, गाणी वाजवण्याच्या हक्कांचे पैसे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्याच्या दृष्टीने प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो आयुष्यभराचा काढता येतो, वर्षाचा काढता येतो, किंवा पाच रुपये देऊन एका दिवसाचा. अंधारात निळ्या दिव्याखाली नाचणाऱ्या माणसाला आपण त्या रात्रीपुरते सरकारी परवानाधारक आहोत, याची सहसा कल्पना नसते. बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षे पूर्ण हवीत. हेही दारात मोजायचे असते, आणि जन्मतारखेची वजाबाकी तोंडी करण्यात आमचे डोंबिवलीचे बाऊन्सर कोणत्याही बँक कारकुनाला हरवतील असे होते.

क्लब एका जुन्या गिरणीच्या आवारात होता. वडील ज्या गिरणीच्या दरवाजात उभे राहत ती ही नव्हे, इतका योगायोग आयुष्यात होत नाही. परंतु दरवाजा तसाच होता, उंच, लोखंडी, वर अर्धगोल. त्यांना मी काम दाखवायला एकदा दुपारी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी आतले काहीच नीट पाहिले नाही. दरवाजाच्या बिजागरीवर हात फिरवून ते म्हणाले, “तेल देत नाही वाटतं कोणी.”

दारात मला क्लिकर मिळाला. मुठीत मावणारे पोलादी यंत्र, चार आकड्यांची खिडकी, अंगठ्याखाली एक कळ. एक माणूस आत गेला की एकदा दाबायचे. बाहेर पडणाऱ्यांचा क्लिकर वेगळा, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे या क्षणी आत किती माणसे आहेत ते. अग्निशमनाच्या कागदावर एक मर्यादा होती आणि तिच्या जवळ आलो की दार थांबवणे माझे काम होते. पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आले की मालकांचे पाहुणे मोजायचे नाहीत. ते यादीतून येत आणि बाजूने आत जात. शनिवारी ही यादी लांबत जाई. नोकरवर्गही क्लिकरमध्ये येत नसे, म्हणजे स्वयंपाकी, वेटर, बारवरची मुले आणि स्वच्छतागृहातल्या मावशी. त्यामुळे माझ्या मुठीतला आकडा नेहमी कायदेशीर असे. मी सात वर्षे तो आकडा रोज रात्री नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली.

मावशी स्त्रियांच्या स्वच्छतागृहात संध्याकाळी आठपासून बंद होईपर्यंत प्लास्टिकच्या स्टुलावर बसत. त्यांच्याजवळ बिस्किटांचा एक जुना डबा असे, त्यात सेफ्टी पिना, पॅड, डोकेदुखीच्या गोळ्या, तुटलेल्या चपलेसाठी रबर बँड आणि एक छोटी कात्री. बाहेर एवढा आवाज असे की काउंटरवरचे पेले थरथरत, आणि मावशी मात्र तिथे बसून गवारीच्या शेंगा निवडत, कारण पहाटे तीनला घरी पोहोचल्यावर निवडायला वेळ मिळत नसे. २०१६ मध्ये त्यांच्या यजमानांच्या गालात गाठ निघाली. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात त्यांना निर्धन रुग्णांच्या खाटा भरल्या आहेत असे सांगून परत पाठवले, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. परवाने काढणारा माणूस हाही परवाना काढील, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मी कायदा वाचून काढला. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे पुन्हा मोजणी आलीच. एकूण खाटा किती, भरलेल्या किती, त्यांत निर्धन किती, हे विचारायला मी त्या रुग्णालयाच्या खिडकीवर गेलो आणि तिथे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मला माझाच शनिवार रात्रीचा चेहरा दिसला. त्याचाही आकडा कायदेशीर होता. अखेर आम्ही टाटा रुग्णालयात गेलो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि केशरी रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागाच्या रांगेत उभे राहिलो. यजमानांचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर ते तीन वर्षे जगले.

२९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, जवळच कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण मृत्युमुखी पडले. अनेक जण आगीपासून वाचण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि तिथे धुराने गुदमरले. ती बातमी ऐकली तेव्हा मी आमच्या दारात होतो, हातात क्लिकर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, कोणी नसताना, मी मावशींच्या स्टुलावर जाऊन बसलो. तिथून बाहेर पडायला एकच दार होते आणि त्या दारापर्यंतच्या बोळात सोड्याचे क्रेट छातीपर्यंत रचलेले होते. क्रेट मी उचलून बाहेर ठेवले. शनिवारपर्यंत ते पुन्हा तिथेच होते. दोष कोणा एकाचा होता असे मी म्हणत नाही, कारण त्या नोंदवहीत सही माझी होती. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. क्लिकर परत द्यायचा राहून गेला, किंवा मी दिला नाही.

मला धर्मादाय कामात येण्याचे श्रेय जेव्हा लोक देतात, तेव्हा फार अवघडायला होते, कारण मी तिथे गेलो तो रांगेत उभा राहून मार्ग माहीत झालेला माणूस म्हणून. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या पदपथावर बाहेरगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसे अंथरूण टाकून राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, पण आलेल्या सगळ्यांना त्या पुरत नाहीत. रुग्णाबरोबर एकालाच वर सोडतात. त्यामुळे खाली थांबलेल्या आईला, मेव्हण्याला किंवा शाळा बुडवून आलेल्या मुलीला रुग्णालयाच्या कोणत्याही कागदावर जागा नसते. आम्ही प्रामुख्याने त्यांना जेवण देतो.

या कामातली मोजणी मला चारही धंद्यांत सर्वांत विचित्र वाटली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि तो पैसा देणाऱ्यांना वर्षाअखेर ‘लाभार्थी किती’ याचा आकडा हवा असतो. सोलापूरची एक बाई चाळीस दिवस आमच्याकडे रोज जेवली, तर ती एक लाभार्थी की चाळीस? पहिल्या वर्षी मी एक लिहिले. निधी देणाऱ्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने अतिशय नम्रपणे सुचवले की बाकीच्या संस्था चाळीस लिहितात. आता आम्हीही जेवणे लिहितो, माणसे लिहीत नाही. यात खोटे काही नाही, फक्त ती बाई चाळीस तुकड्यांत वाटली जाते. नाटकवाल्यांचा ‘अडीचशेच्या आसपास’ मला याहून प्रामाणिक वाटतो, कारण तो ऐकणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते.

टाळेबंदीत आम्ही रंगमंच कामगारांनाही शिधा दिला. महाराष्ट्रातली नाट्यगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरात काही महिन्यांपुरती उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने परत उघडली. त्यानंतरच्या एका रविवारी मी शिवाजी मंदिरात गेलो. एक खुर्ची सोडून एक खुर्चीवर फुली होती. ज्या एकट्या खुर्च्यांसाठी मी बोर्ड अडवून बसत असे, तशाच सगळ्या झाल्या होत्या. कँटीनवाल्याने मला ओळखले आणि बटाटे किती उकडायचे याचा अंदाज आता लागत नाही, असे सांगितले.

मावशी आता आमच्या स्वयंपाकघरात असतात. यजमान गेल्यावर त्या स्वतःहूनच आल्या. परवाच्या गुरुवारी १९० पाकिटे बांधली होती. आमच्याकडे एक कॉलेजातला मुलगा स्वयंसेवक आहे, वाटप करताना क्लिकर त्याच्या हातात असतो. वाटप संपले, टोपल्या रिकाम्या झाल्या, आणि क्लिकरवर १८६ होते. मुलगा घाबरला. चार पाकिटे कुठे गेली, आता अहवालात काय लिहायचे, असे विचारू लागला. मावशी टोपल्या एकात एक घालत होत्या. तीन जण अजून वर रेडिएशनच्या रांगेत आहेत, त्यांची पाकिटे आपण कापडाखाली काढून ठेवली आणि एक आपण स्वतः खाल्ले, असे त्यांनी मान वर न करता सांगितले. “मग ते धरायचे का, सर?” मुलाने मला विचारले. मी काही बोलायच्या आत मावशींनी हात पुसले, त्याच्या मुठीतून क्लिकर घेतला, अंगठ्याने चार वेळा दाबला, खिडकीतला आकडा दिव्याखाली धरून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, तुम्ही जेवलात का?”